घरचा ओटा आणि हॉटेलचा तवा

रविवारी संध्याकाळी हॉटेलात गेलेलं मराठी कुटुंब साधं वरण मागवत नाही. पनीर मागवतं, नान मागवतं, मसाला डोसा मागवतं, धाकट्यासाठी नूडल्स मागवतं. वरण-भाताचा कुणाला कंटाळा आलेला असतो असं नाही. सोमवारी रात्री तोच मऊ भात, त्यावर तुपाची धार आणि लिंबाची फोड सगळ्यांना हवीच असते. मग रविवारी तो का चालत नाही? ‘रोजचंच काय खायचं बाहेर?’ असं उत्तर कुणीही देईल, आणि ते अर्धंच खरं आहे. कारण रोजचं काय नि कधीमधीचं काय, हे मुळात ठरतं कशावरून?

माझ्या मते ते जिभेवरून कमी आणि ओट्यावरून जास्त ठरतं. घरची शेगडी किती पेटते, वाटायला काय आहे, तवा केवढा आहे आणि राबायला कोण आहे, यांतलं काही बदललं की बाहेर खायच्या पदार्थांची यादी बदलते. गेल्या साठ-सत्तर वर्षांत महाराष्ट्रातल्या घरांत या चारही गोष्टी बदलल्या.

तीन शिट्ट्या

साध्या घरच्या जेवणाचा कणा तुरीच्या डाळीचा, आणि तूरडाळ मोठी हट्टी. उघड्या पातेल्यात ती गळायला पाऊण तास, कधी तासभरही घेते. जाळ कितीही वाढवला तरी पाणी समुद्रसपाटीला १०० अंश सेल्सिअसच्या वर चढत नाही. महाबळेश्वरच्या उंचीवर तर ते ९५-९६ अंशांनाच उकळायला लागतं. कुकरमध्ये वाफ कोंडली की आतला दाब बाहेरच्या हवेच्या जवळजवळ दुप्पट होतो आणि पाणी १२० अंशांच्या आसपास पोचतं. वीस अंशांचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो, पण डाळीच्या पेशी एकमेकींना धरून ठेवणारं पेक्टिन त्या उष्णतेत भराभर सुटतं आणि तासाभराचं काम पाव तासावर येतं.

हॉकिन्स कंपनी १९५९ साली मुंबईत उभी राहिली. त्याच सुमाराला दक्षिणेतून प्रेस्टीजही आला. मराठी घरांनी कुकर घेतला तो डब्यांसकट. तळाला पाणी आणि जाळी, खालच्या डब्यात वरण, वरच्यात भात, आणि जागा उरलीच तर कडेला दोन बटाटे. एका आचेवर अख्खं जेवण. इंधन जपून वापरायच्या दिवसांत ही फार मोठी सोय होती. मुंबईत काही घरांत पन्नाशीच्या दशकापासून बर्मा शेलचा ‘बर्शेन’ गॅस आला होता. इंडेनची पहिली जोडणी कलकत्त्यात झाली ती १९६५ साली. बाकीचा महाराष्ट्र तेव्हा रॉकेलचा स्टोव्ह पिन मारमारून पेटवत होता किंवा चुलीपुढे फुंकणी घेऊन बसला होता.

कुकरबरोबर ‘तीन शिट्ट्या झाल्या की बंद कर’ हा निरोपही घरोघर रुजला. खरं तर शिट्टी वेळ सांगत नाही. दाब ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला आणि वाफ सुटली, एवढंच ती सांगते. मोठ्या आचेवर तीन शिट्ट्या पाच मिनिटांत होतात, बारीक आचेवर पंधरा मिनिटं लागतात आणि कधी कधी तिसरी होतच नाही. पूर्ण दाब आला की आच बारीक करून घड्याळ लावावं, असं कुकरबरोबरच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. ती पुस्तिका वॉरंटी कार्डासोबत एखाद्या पिशवीत जाते आणि घर शिट्ट्या मोजत राहतं. शिट्ट्यांमागे वाफ जाते, गॅस जातो आणि झाकणावर पिवळं पाणी उडतं, तरी सवय काही मोडत नाही.

डाळीचा दुसरा हट्ट आंबटाचा. चिंच किंवा आमसूल आधीच घातलं तर डाळ शिजायला फार वेळ लागतो, कारण आम्लात पेक्टिन लवकर विरघळत नाही. बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियमही तेच करतं. म्हणून आमटीत आंबट पडतं ते डाळ घोटून झाल्यावर. नव्या शहरातल्या भाड्याच्या घरात ‘इथली डाळच वाईट’ म्हणून वाण्याला बोल लावण्याआधी नळाचं पाणी तपासलेलं बरं.

मग फोडणी. लहान कढईत किंवा लोखंडी पळीत तेल तापतं, त्यात मोहरी पडते. दाण्यातल्या ओलाव्याची वाफ होते आणि टरफल फुटतं, तीच तडतड. मोहरी निमूट पडून राहिली तर तेल अजून गार आहे. ती फुटली की जिरं, आणि जिऱ्याचा रंग पालटेपर्यंतच थांबायचं. आता आच बंद. उरलेल्या तापात हिंग, कढीपत्ता, हळद, आणि तिखट सगळ्यात शेवटी, कारण तिखट क्षणात जळतं आणि जळलं की घरभर ठसका. हा क्रम मोडला की मोहरी कच्ची आणि तिखट काळं अशी फोडणी होते. हिंगाचा, जिऱ्याचा, मिरचीचा वास आणि रंग पाण्यात नीट उतरत नाही, तेलात उतरतो. पातळ वरणावर ओतलेलं चमचाभर तेल हे काम करतं. म्हणूनच कमी तेलाच्या नादात फोडणीच गाळली की जेवण आजाऱ्याचं वाटायला लागतं.

साध्या स्वयंपाकाचा निम्मा भाग तर शिळ्यावर चालतो, आणि तो मेन्यूकार्डावर क्वचितच दिसतो. रात्रीच्या भाताचा सकाळी फोडणीचा भात, उरलेल्या पोळ्यांचा कुस्करा, उरलेल्या आमटीत कणकेच्या शंकरपाळ्या सोडून वरणफळं. फोडणीच्या भाताला शिळाच भात लागतो, ताजा चालत नाही. भात गार होताना त्यातला स्टार्च पुन्हा घट्ट बांधला जातो, दाणा कडक होतो आणि कढईत मोकळा राहतो. ताजा भात परतला की त्याची खीर होते. मात्र भात रात्रभर ओट्यावर ठेवू नये. शिजलेल्या भातात काही जिवाणू उष्णतेतूनही तग धरतात आणि उबेत वाढतात. फ्रिज आल्यापासून हा पदार्थ सुरक्षित झाला आणि चवीला उतरलाही नाही, असा दुहेरी लाभ फ्रिजमुळे फार थोड्या पदार्थांना मिळाला.

मराठीत पाककृतींची छापील पुस्तकं कुकरच्या फार आधीपासून आहेत. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं ‘सूपशास्त्र’ १८७५चं, लक्ष्मीबाई धुरंधर यांचं ‘गृहिणीमित्र’ १९१०चं. पण कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ आली १९७० साली, म्हणजे नोकरीच्या गावी वेगळं बिऱ्हाड थाटणाऱ्या जोडप्यांची संख्या वाढत असताना. तिच्यात मापं वाटी-चमच्यात होती. शेजारी सासू नाही, आई दुसऱ्या गावी, फोन कुणाकडे नाही, अशा घरात ‘अंदाजाने मीठ’ या सूचनेचा काय उपयोग?

पंचहौदचा चहा

घराबाहेर खाणं ही हौस व्हायच्या आधी कितीतरी काळ तो धर्माचा प्रश्न होता. १८९०च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळी गेली. त्यांत न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक दोघेही होते. मिशनऱ्यांनी चहा-बिस्किटं पुढे केली. कुणी घेतली, कुणी पेल्याला नुसता हात लावला. आनंदीबाई जोश्यांचे यजमान गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आणली आणि पुण्यात गहजब झाला. ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचा वाद झाला, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी बसली, प्रायश्चित्तं घेतली गेली. सगळं एका पेल्याभर चहापायी.

त्यामुळे सुरुवातीच्या खाणावळी आणि उपाहारगृहांच्या पाट्यांवर पदार्थांआधी जात यायची. स्वयंपाकी कोण, वाढपी कोण आणि पंगतीला शेजारी कोण, हे गिऱ्हाइकाला आधी कळायला हवं असायचं. ज्यांना या पाट्या बाहेर ठेवत होत्या त्यांच्या बाजूची एक गोष्ट कोल्हापूरची. संस्थानच्या नोकरीतल्या गंगाराम कांबळे यांना हौदाच्या पाण्याला शिवल्याबद्दल मारहाण झाली. शाहू महाराजांनी त्यांना चहाचं हॉटेल काढायला मदत केली, आणि रपेटीवरून परतताना महाराज तिथे गाडी थांबवून चहा मागवू लागले. महाराजांनी घेतल्यावर बरोबरच्या सरदार-मानकऱ्यांना नाही म्हणायची सोय उरली नाही. पुढे १९५०मध्ये लागू झालेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं यांची नावं स्पष्टपणे घालून तिथे जातीवरून मज्जाव करायला बंदी आली. भारताच्या घटनेत हॉटेलाचा उल्लेख आहे तो या कारणाने.

बायकांचा प्रवेश ही वेगळीच लढाई. गिरगावातल्या, परळमधल्या खाणावळी एकट्या पुरुषांसाठी होत्या. बायको-मुलं गावाकडे ठेवून मुंबईत गिरणीत लागलेला माणूस महिन्याच्या बोलीवर तिथे जेवायचा. त्याला रांधून घालणारी बहुधा बाई असायची, बाकावर बसणारी मात्र नाही. घरातल्या बाईला बाहेर बसून खायची सोय झाली ती ‘फॅमिली रूम’ या पाटीमुळे. इराण्याच्या हॉटेलात मधल्या संगमरवरी टेबलांवर पुरुषांचा अड्डा, आणि बाजूला किंवा माळ्यावर लाकडी आडोसा, पडदा आणि आत चार खुर्च्या. एखाद्या जुन्या इराण्याकडे असा आडोसा अजून दिसतो. त्यात आज कॉलेजची मुलं बसतात, त्यांच्याबद्दल मालक फारसं बोलत नाही.

मात्र मराठी कुटुंबाला सहकुटुंब बाहेर खायची खरी चटक लावली उडप्याने. दक्षिण कानडातून आलेले हे लोक, त्यांच्या रांधण्याला देवळाच्या पाकशाळेची परंपरा. शाकाहारी, स्वच्छ, झटपट आणि स्वस्त. आपल्या आचाऱ्याच्या जातीचं आणि देवळाचं आश्वासनही ते सोबत आणत, त्यामुळे सोवळ्या घरांची अडचण मिटली. (ज्यांना पूर्वी उंबऱ्याबाहेर ठेवलं गेलं त्यांना या आश्वासनाची आठवण गोड वाटायचं कारण नाही.) माटुंग्याला ए. रामा नायक यांचं उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ सालचं, तिथे आजही केळीच्या पानावर जेवण मिळतं. पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावर जगन्नाथ शेट्टी यांच्या ‘वैशाली’ने पिढ्यान्‌पिढ्या कॉलेजकुमार आणि निवृत्त प्राध्यापक एकाच सांबारावर पोसले.

आता मूळ मुद्द्यावर येतो. उडप्याकडे लोक इडलीसाठी का जात? घरी करता येत नव्हती म्हणून. भिजवलेले तांदूळ आणि उडीदडाळ बारीक वाटायला दगडी रगडा लागतो. आपल्याकडच्या पाट्यावर चटणी-वाटण होतं, पाच जणांच्या इडलीचं पीठ वाटायचं तर खांदे भरून येतात. शिवाय पीठ आंबायला हवं. ल्युकोनोस्टॉक जातीचे जिवाणू त्यात आम्ल आणि कार्बन डायऑक्साइड तयार करतात, आणि उडदातला चिकट अंश व प्रथिनं तो वायू धरून ठेवतात, म्हणून इडली जाळीदार होते. पुण्यात डिसेंबरात रात्री पारा दहा-बारा अंशांवर येतो, तेव्हा डब्यातलं पीठ सकाळी जसंच्या तसं असतं. हॉटेलच्या भटारखान्यात बाराही महिने चुली पेटलेल्या असल्याने पीठ बिनबोभाट फुगतं.

मग १९६३ साली सुमीत मिक्सर आला. सत्यप्रकाश माथुर या इंजिनिअरने तो भारतीय वाटणासाठीच बनवला. परदेशी ब्लेंडर फळांचा रस काढण्यापुरते ठीक होते, उडीदडाळ, ओलं खोबरं, सुकी हळकुंडं यांच्यापुढे त्यांच्या मोटारी जळायच्या. सुमीतची मोटार टिकली. सत्तरीच्या आणि ऐंशीच्या दशकांत मिक्सर, कुकर आणि इडलीपात्र हे त्रिकूट मध्यमवर्गीय घरांत स्थिरावलं आणि इडली रविवारच्या नाश्त्याला घरीच होऊ लागली. त्यानंतर उडप्याकडे जाऊन नुसती इडली मागवणं म्हणजे पैसे वाया घालवणं ठरलं. ‘इडली काय, घरी पण होते’ हे वाक्य तेव्हापासूनचं.

तव्याची गोष्ट

इडली घरी आली तरी डोसा पुरता आला नाही. पीठ तेच, फरक तव्याचा. उडप्याच्या तव्याकडे एकदा नीट बघा. जाड लोखंडाची लांबरुंद लादी, खाली मोठा बर्नर. कारागीर तव्यावर पाणी शिंपडतो, ते चुर्र करून उडून जातं, मग ओल्या केरसुणीने तवा पुसतो. हे पाणी स्वच्छतेपुरतं नसतं. तवा फार तापला असेल तर पीठ पडल्या पडल्या तिथेच धरतं आणि पसरत नाही. पाण्याने वरचा थर क्षणभर थंडावतो, तेवढ्यात तो वाटीच्या बुडाने मधून बाहेर गोल गोल पीठ ओढत नेतो. खालच्या जाड लोखंडात साठलेली उष्णता लगेच वर येते आणि डोसा तळापासून सारखा तांबूस होतो. घरचा नॉनस्टिक पातळ असतो, त्याच्याजवळ साठा नसतो. गार पीठ पडलं की तो निवतो, डोसा भाजण्याऐवजी वाफवला जातो आणि पांढुरका, लवचीक निघतो. आच वाढवून उपयोग नाही, कारण साधारण २६० अंशांपुढे नॉनस्टिकचा लेप खराब व्हायला लागतो. घरी कुरकुरीत डोसा हवाच असेल तर जड बिडाचा तवा घ्यावा, अर्धा कांदा तेलात बुडवून त्यावर फिरवावा आणि पहिला डोसा वाया जाणार हे गृहीत धरावं.

मिसळीचं गणित याहून निराळं. मटकीची उसळ, कट, फरसाण, कांदा, लिंबू, यांतलं घरी न होण्यासारखं काहीच नाही. तरी पुण्यात शनिवारवाड्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर, १९४८पासून चालू असलेल्या बेडेकरांकडे सुट्टीच्या सकाळी रांग असते, आणि कोल्हापुरात तर मिसळीवरून पेठापेठांत भांडणं होतात. मोठ्या पातेल्यात तासन्‌तास रटरटणाऱ्या कटाची चव लहान कढईत येत नाही, हे एक कारण. दुसरं, मला वाटतं तेच मोठं, म्हणजे तेल. मिरचीचा लाल रंग आणि तिखटपणा दोन्ही तेलात विरघळतात, आणि वर जो लालभडक तवंग येतो तीच तर्री. घरी तेवढं तेल आपल्या हाताने पातेल्यात ओतायचा धीर कुणाला होत नाही. हॉटेलात ते दुसऱ्याच्या हाताने, आपल्या नजरेआड पडलेलं असतं, म्हणून ‘अजून थोडी तर्री द्या’ असं मागायला काही वाटत नाही.

तीन पातेली

फाळणीनंतर पेशावरहून दिल्लीत आलेल्या कुंदनलाल गुजराल यांनी भागीदारांसह १९४७मध्ये दर्यागंजला ‘मोती महल’ सुरू केलं. तंदूर आणि लोणी-टोमॅटोचा रस्सा या जोडीने हळूहळू सारा देश जिंकला. बटर चिकन पहिलं कुणी केलं यावरून या भागीदारांच्या वारसांचा वाद दिल्ली उच्च न्यायालयात चालला आहे. महाराष्ट्रात हे खाणं ‘पंजाबी’ या एका नावाने स्थिरावलं आणि कुटुंबाचं रात्रीचं बाहेरचं जेवण म्हणजे पंजाबी, असं समीकरण झालं.

कारण पुन्हा ओट्यावरच सापडतं. मातीच्या तंदुराच्या भिंती ४०० अंशांच्या आसपास तापतात, त्यांना चिकटवलेला नान मिनिट-दीड मिनिटात फुगतो, डाग धरतो. घरचा ओव्हन अडीचशे अंशांवर थांबतो, तिथे तोच नान पाव होतो. एक युक्ती मात्र जमते. रोटीला एका बाजूने पाणी लावून ती बाजू तापल्या लोखंडी तव्यावर चिकटवायची आणि तवा उलटा करून रोटी सरळ ज्योतीवर धरायची. नॉनस्टिकवर हे करायला जाऊ नये, रोटी शेगडीत पडते.

भाज्यांबद्दल मेन्यूकार्ड थोडी दिशाभूल करतं. दीडशे नावं वाचून पाहुणे हरखतात, पण आत बहुतेक ठिकाणी रस्शाची तीनच पातेली असतात. कांदा-टोमॅटोचं तपकिरी, काजू-टोमॅटोचं लाल, आणि काजू-मगजबियांचं पांढरं. यांची मिसळामिसळ करून, वर साय किंवा कसुरी मेथी टाकून पनीर बटर मसाला, शाही पनीर, व्हेज कढई आणि व्हेज कोल्हापुरी तयार होतात. तांबड्या-पांढऱ्या रश्शाच्या कोल्हापुरात या व्हेज कोल्हापुरीची ओळख कुणी सांगत नाही. फसवणूक म्हणून मी हे सांगत नाही, दहा मिनिटांत सहा टेबलांना सहा भाज्या द्यायच्या तर दुसरा मार्ग नाही. फक्त पाच जणांत तीन भाज्या मागवताना एकाच पातेल्यातल्या तिन्ही येणार नाहीत एवढं बघावं. एक लाल, एक तपकिरी, आणि एक कोरडी, म्हणजे जिरा आलू किंवा भेंडी.

आपल्याकडची मागवायची रीतही अभ्यास करण्यासारखी. सूप ‘वन बाय टू’, मोठं कुटुंब असेल तर ‘टू बाय फाइव्ह’ आणि वेटरही न हसता वाट्या आणतो. ‘आधी एवढंच सांगू, लागलं तर परत मागवू.’ मग सगळ्यांचं झाल्यावर आजोबा विचारतात, ‘साधा भात मिळेल का हो?’ दाल खिचडी आणि दहीभात पंजाबी मेन्यूकार्डाच्या तळाशी आले ते बहुधा अशा आजोबांमुळे आणि दीड-दोन वर्षांच्या नातवंडांमुळे. या दोन वयांनी घरचं जेवण हॉटेलात नेलं, असं म्हणायला हरकत नाही.

बिलाचंही थोडं. साध्या उपाहारगृहातल्या खाण्यावर जीएसटी ५ टक्के लागतो. सेवाशुल्क हा कर नव्हे. ते बिलात आपोआप जोडू नये असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२मध्ये सांगितलं आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५मध्ये ते उचलून धरलं. नको असेल तर काढायला सांगावं, भीड बाळगू नये. टीप द्यायचीच तर वेटरच्या हातात द्यावी.

ओटा थकतो तेव्हा

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत मात्र उलटंच होऊ लागलं आहे. लोक बाहेर जाऊन थालीपीठ, पिठलं-भाकरी, अळूची भाजी, पुरणपोळी खाऊ लागले. दादरला ‘प्रकाश’, ‘आस्वाद’, ‘मामा काणे’ अशा उपाहारगृहांत साबुदाणा वडा, कोथिंबीर वडी, थालीपीठ यांना पूर्वीपासून गिऱ्हाईक होतंच. पण आता थाळीच्या ठिकाणी वरण-भात-तूप पहिला घास म्हणून वाढतात आणि लोक त्यासाठी पैसे मोजतात. रविवारचं पनीर अजून आहेच, पण गुढीपाडव्याच्या दुपारी बाहेर रांग लागते ती श्रीखंड-पुरीच्या थाळीसाठी.

तंदूर घरात नाही म्हणून नानसाठी बाहेर जाणं समजतं. पिठल्यासाठी कढई तर घरात आहे. कमी आहे तो वेळ, आणि नेमका एकाच माणसाचा. केंद्र सरकारच्या २०१९च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यावर दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटं वेळ जातो असं आढळलं, घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटं. शिवाय असे पुरुष चारांत एखादाच. ती बाई नोकरीलाही जात असेल तर पुरण शिजवा, वाटा, कणीक तिंबा, पोळ्या लाटा हा अर्ध्या दिवसाचा कार्यक्रम कधी बसवायचा? म्हणून गणपतीत उकडीचे मोदक नगावर मागवले जातात आणि पाडव्याला थाळीच्या रांगेत अख्खं घर उभं राहतं. ‘पूर्वी सगळं घरी व्हायचं’ म्हणणाऱ्यांनी ते कोण करायचं हेही सांगून टाकावं.

खर्चाच्या आकड्यांतही हे उतरलं आहे. २०२२-२३च्या कौटुंबिक खर्च सर्वेक्षणात शहरी भारतीयांनी एकूण खर्चाच्या सुमारे १०.६ टक्के रक्कम पेयं, तयार आणि प्रक्रिया केलेल्या खाद्यपदार्थांवर खर्च केली. धान्यावरचा वाटा होता ४.५ टक्के. घरात येणाऱ्या गव्हा-तांदळापेक्षा दुपटीहून जास्त पैसा तयार खाण्याकडे जातो, आणि त्यात बाहेरचं जेवणही आलं.

घर आणि हॉटेल यांच्या मधे पोळी-भाजी केंद्र उभं आहे. घरही नाही, हॉटेलही नाही. त्याचं एक मूळ मुंबईच्या गिरणगावात सापडतं. तिथल्या खाणावळवाल्या बायका सावकाराच्या व्याजात पिचत होत्या. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली त्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि बँकेचं कर्ज मिळवून दिलं. १९८२च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, महिन्याच्या बोलीवर जेवणारा कामगार पांगला, पण रांधून विकण्याचं हे कौशल्य राहिलं आणि त्याला नवं गिऱ्हाईक मिळालं. संध्याकाळी ऑफिसातून परतणारा माणूस केंद्रावरून दहा पोळ्या आणि एक भाजी घेतो, घरी कुकर लावतो. वरण-भात जमतो, पोळी जमत नाही किंवा जमवायला ताकद उरत नाही.

पोळीच का, यालाही कारण आहे. कुकर लावून इतर काम करता येतं, पोळीपुढे उभंच राहावं लागतं, प्रत्येकीपुढे वेगळं. घडीच्या पोळीत लाटताना आत तेल लावून दुमड घालतात. भाजताना दुमडीतल्या वाफेने पदर सुटतात आणि ती डब्यात दुपारपर्यंत मऊ राहते. मोठ्या भटारखान्यांत फुलके करायची यंत्रं आली आहेत, कणकेचा गोळा दाबून तासाला शेकड्यांनी फुलके पाडतात. त्यांना फुलका साधतो, घडी साधत नाही. त्यामुळे केंद्राच्या मागच्या खोलीत अजून ओट्यापाशी दोन-तीन बायका लाटणं घेऊन उभ्या असतात, आणि त्यांची मजुरी बहुधा नगावर ठरते.